आई, एक्सेल आणि माचू पिचू

'लक्झरी ट्रिप' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर यायची एक ट्रेन. निळी-सोनेरी. आत चकचकीत लाकूड, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, शेवटच्या डब्यात बार, लाइव्ह म्युझिक आणि बाहेर खळाळणारी उरुबाम्बा नदी. पेरू देशातल्या माचू पिचूकडे जाणाऱ्या या गाडीचं नाव 'हायरम बिंगहॅम'. फ्रीलान्सर माणसाने असली स्वप्नं बघू नयेत, मान्य! पण गेली चार वर्षं प्रत्येक पेमेंटमधून थोडे थोडे बाजूला टाकून मी एक फंड जमवला होता. घरात त्याचं नाव 'डाउनपेमेंट' होतं, एवढंच.

आणि सोबत कोण? बॉयफ्रेंड नाही, गर्ल गँगही नाही. चक्क आई! वय 62, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून रिटायर. फळ्यावर न बघता दक्षिण अमेरिका काढायची आणि डाव्या कडेने खडूची जाड रेघ ओढून म्हणायची, "ही अँडीज." स्वतः मात्र देशाबाहेर एकदाही गेली नाही.

"वेड लागलंय का तुला? एवढ्या पैशांत फ्लॅटचं बुकिंग होईल," ही तिची पहिली प्रतिक्रिया. दुसरी, अर्ध्या तासाने, चहाचा कप हातात देताना : "कुस्कोला पण जायचं का गं?"

बस्स. त्याच रात्री एक्सेल उघडली.

नऊ दिवसांत मी काय काय कोंबलं होतं, विचारू नका. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस मोडतात. त्यात लिमात उतरल्या उतरल्या 'सेंट्रल' (2023 मध्ये जगातल्या बेस्ट रेस्टॉरंट्सच्या यादीत पहिलं आलेलं, समुद्रापासून अँडीजपर्यंतच्या उंचीनुसार एकेक डिश वाढणारं). दुसऱ्या दिवशी विमानाने कुस्को. मग माचू पिचू, रंगीत पट्ट्यांचा विनिकुन्का डोंगर, टिटिकाका सरोवर. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. एकदम सॉलिड!

ती शीट घेऊन मी आईच्या डॉक्टरांकडे गेले. आईला बीपी आहे आणि गुडघे तिचं ऐकत नाहीत. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आईंना फिरायला नेताय की ट्रेकला?"

मग माझी ट्यूब पेटली. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. कुस्को साधारण 3,400. म्हणजे समुद्रकाठच्या लिमातून सव्वा-दीड तासात दोन कळसूबाईंच्याही वर! टिटिकाका 3,812 आणि विनिकुन्का तर 5,000 च्या पुढे. तिथल्या विरळ हवेत तरण्याताठ्यांचंही डोकं ठणकतं. कुस्कोमध्ये एका जुन्या ख्रिस्ती मठात थाटलेल्या आलिशान हॉटेलात खोलीत जादा ऑक्सिजन सोडायची सोय आहे. मी लगेच म्हटलं, तेच घेऊ! डॉक्टर म्हणाले, "आधी शरीराला वेळ द्या. तो कुठल्याही हॉटेलात विकत मिळत नाही."

घरी येऊन मी चिडचिड करत विनिकुन्का डिलीट केला. मग टिटिकाका. आई शेजारी बसून बघत होती. "एवढी कसली घाई आहे तुला?" तिने विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. बाबांना हंपी बघायची होती. पेरू नाही हो, फक्त हंपी, एका रात्रीची ट्रेन. मी दर वेळी म्हणायचे, "बाबा, नेक्स्ट मंथ नक्की. आत्ता डेडलाइन आहे." असे दोन वर्षांतले सगळे नेक्स्ट मंथ संपले आणि मग बाबाच राहिले नाहीत. आता आईच्या बाबतीत काहीच सुटायला नको, म्हणून मी आख्खा पेरू नऊ दिवसांत बसवत होते. हे सगळं मी तिला एका दमात सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. कीबोर्ड स्वतःकडे ओढला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. खिचडी खाता खाता आईतली बाई जागी झाली. "साबुदाणा कशाचा? कसाव्याचा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तर खास अँडीजचा, पेरूत तीन हजारांवर जाती आहेत. रताळंही अमेरिकेतलंच. आणि तिथे किविचा म्हणतात ना, तो आपल्या राजगिऱ्याचा भाऊ." मी म्हटलं, "म्हणजे आई, तिकडे रोजच एकादशी!" ती इतकी हसली, की ठसका लागला. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. मार्कोस सापाता नावाच्या चित्रकाराने ताटात चक्क गिनी पिग वाढलाय म्हणे! ते मात्र तिला लांबूनच बघायचंय.

तर मंडळी, नवा प्लॅन असा. मे महिना, म्हणजे पाऊस सरलेला आणि जूनमधल्या इंती रायमी उत्सवाची गर्दी अजून व्हायचीय. लिमात दोन रात्री. विमानाने कुस्कोला उतरायचं, पण तिथे राहायचं नाही. गाडीने थेट खाली 'सेक्रेड व्हॅली'त, जी कुस्कोपेक्षा बरीच सखल आहे. तिथे तीन रात्री. मग माचू पिचू, उंची 2,430 मीटर. तिकिटावर वेळ आणि चालायचा मार्ग आधीच ठरलेला असतो, त्यामुळे कमी पायऱ्यांचा मार्ग निवडलाय. कुस्को सगळ्यात शेवटी.

आणि ती ट्रेन? तिचं तिकीट काढायला बसले, तर आईने विचारलं, "हा बिंगहॅम कोण?" सांगितलं, 1911 मध्ये तिथे पोहोचलेला अमेरिकन. "पोहोचला, की कोणी नेला?" नेलाच होता. स्थानिक शेतकऱ्यांनी. तिथे तेव्हाही कुटुंबं राहून शेती करत होती. त्याने येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू पेरूला परत मिळायला 2011-12 उजाडलं. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "नाव काही का असेना, गाडी छान दिसतेय. जाऊ या." तर एका बाजूने ती निळी-सोनेरी, परतीला साधी.

काल पैसे भरले, नॉन-रिफंडेबल. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू? मग एक्सेल शेवटची एकदा उघडली. चौथ्या दिवसाचा कॉलम मी रिकामा ठेवला होता, काहीतरी हटके सुचेल म्हणून. तिथे आईने कधीतरी गुपचूप टाइप करून ठेवलं होतं : 'डोंगर बघत बसणे.'

मी तो कॉलम तसाच ठेवलाय.