एक्का राखून ठेवावा

ब्रिजच्या मेजावर पहिली उतारी पडते, भिडू आपली तेरा पाने उघडी मांडून मौन धरतो, आणि खेळणाऱ्याचा हात तत्क्षणी डमीकडे धावतो. ही घाई आम्हांस नेहमी खटकत आली आहे. मेंढीकोटात भिडूची पाने झाकलेली असतात. तेथे अंदाजाने पान टाकणे क्षम्य होय. परंतु १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी ज्याची गुणपद्धती बसविली, त्या काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये बोलीइतकेच हात गेमच्या हिशेबात धरतात. तेव्हा बोलून चुकल्यावर तरी मोजावयास नको काय?

समजा, बोली तीन नोट्रम्पची आहे. नऊ हात हवेत. इस्पिकचा एक्का आमच्याजवळ, सोबत दोन हलकी पाने. डमीत दोन हलकीच. बदामचे दोन व किलवरचे तीन हात पक्के. चौकटचा एक्का, गुलाम, दश्शी, नव्वी व पंजी डमीत. राणी, अठ्ठी, दुर्री आमच्याकडे. राजा तेवढा बाहेर. पक्के हात सात. डावीकडून इस्पिकची उतारी येते. एक्का लगेच मारून चौकटचा फिनेस केला आणि राजा उजवीकडे निघाला, तर तो गृहस्थ इस्पिक परत करतो व डावीकडचा चार हात ओढतो. डाव बुडाला! तोच एक्का दोनदा राखून तिसऱ्यांदा टाकला, तर बाहेरची आठ इस्पिके पाच-तीन असल्यास उजवीकडची संपतात; मग राजा त्याने खुशाल घ्यावा. चार-चार असली, तरी तीन इस्पिके व एक चौकट एवढेच जाते. राजा डावीकडे असला, तर तो फिनेसात सापडतोच. फिनेस निम्मा दैवाधीन आहे. एक्का राखणे मात्र सर्वस्वी आपल्या स्वाधीन.

आमचे एक वृद्ध भिडू स्वभावाने सढळ. पण एक्का जवळ असता हात सोडणे त्यांस भ्याडपणा वाटे. यावरून आमच्यात महिनाभर अबोला होता. (पत्त्यांवरून तुटलेले स्नेह जोडणे फार अवघड, हे जाणकारांस सांगावयास नको.) गेल्या शनिवारी त्यांच्याच हाती अशी पाने आली. त्यांनी पानाचे तबक दूर सारले व ओठ हलवीत मोजू लागले. आम्ही डमी, बोलण्याची सोय नव्हती. पहिले इस्पिक त्यांनी सोडले. दुसऱ्यास बोटे एक्क्यावर गेली, घुटमळली आणि मागे आली.

चौकट राजा उजवीकडेच होता.