नाकातलं पाणी

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यावरची माझी गाठ दुर्बिणीनं नाकावाटे काढली. बाहेरून एक टाका नाही. भेटायला येणारे म्हणत, "काही झालंय असं वाटतच नाही!" आत मात्र खपल्यांनी नाक बंद.

डॉक्टरांनी बजावलं, शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. पुढे मिठाच्या पाण्यानं नाक धुवायची परवानगी मिळाली, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाच्या पाण्यातला अमीबा क्वचित नाकातून मेंदूपर्यंत पोचतो. कराचीतल्या काही रुग्णांना वुजू करतानाच लागण झाल्याचा संशय होता.

दिवसातून पाचदा वुजू करणारा मी, हात सवयीनं नळाखाली गेलाच. अम्मी ओरडली, "थांब रे!" मौलाना म्हणाले, नाकात पाणी घेणं सुन्नत आहे, फर्ज नाही, तूर्त सोडा. सजदाही खुर्चीवर, इशाऱ्यानं. त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

एका दुपारी चष्मा उचलायला वाकलो (चूक माझीच) आणि नाकातून स्वच्छ पाणी टपकलं. मेंदूभोवतीचं पाणी गळतंय की काय? हातपाय गार पडले. डॉक्टरांनी लगेच बोलावून दुर्बिणीनं पाहिलं. सकाळी धुतलेलं पाणीच पोकळीत साचलं होतं. "पुन्हा झालं तरी फोन करायचाच," ते म्हणाले.

घरी आलो तर अम्मीनं पातेलं गॅसवर चढवलेलं. सजद्याचं पुढच्या तपासणीला विचारणार आहे.