बोटीविना बेट

शांत बेटावर वीकेंड घालवायचा, तर बोट पकडायलाच हवी असं थोडंच आहे? कोडोलीहून गाडी काढा, पन्हाळा गाठा आणि तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या मसाई पठाराकडे चालत निघा. पावसाळ्यात खालची दरी ढगांनी भरली, की वर उरतं ते हिरवंगार बेटच!

पठारावर वाट जवळपास सपाट. मसाईदेवीचं देऊळ लागतं, जवळच पांडवदऱ्याची लेणी. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले, ते इथूनच असं मानतात. आजही जुलैत ट्रेकर्स पन्हाळा ते पावनखिंड चालतात.

इथली खरी गंमत मात्र पायाखाली आहे. जांभ्या दगडावर माती जेमतेम. पाऊस ओसरू लागला, की त्यातच तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुलतात. सीतेची आसवं तर चक्क कीटकभक्षी! यातली बरीचशी फुलं चार महिन्यांत उगवून, बी टाकून मोकळी. पुढच्या पावसापर्यंत बीच तग धरतं. म्हणून जीप, बाइक वर घालायचीच नाही. चाकाखाली माती दबली, उकरली, की बियांसकट वाहून जाते. २०२२ मध्ये पठार संवर्धन राखीव क्षेत्र झालं खरं. पण राखायचं शेवटी आपणच ना?

तेव्हा बूट चढवा, मळलेली पायवाट सोडू नका, फुलं फक्त कॅमेऱ्यात घ्या. परतताना वारणेचं श्रीखंड मस्ट!