स्वयंपाकघरातील सूर

स्वयंपाकघर हे मुळातच नादाचे घर आहे. फोडणीत मोहरी तडतडते, आधण खळखळते, कुकरची शिट्टी होते. आणि सरावाचे हात या आवाजांवरूनच आच कमी-अधिक करतात. म्हणूनच आमच्या धर्मगुरुनिवासाच्या स्वयंपाकघरात संगीताची सोय करण्याचे ठरले, तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता.

यंत्राचे काम सोपे होते. वीज गेली तरी गाणे थांबू नये, म्हणून मोबाइलवरून वाजणारा, बॅटरीवर चालणारा लहानसा स्पीकर आणला. शेगडीची धग आणि वाफ यांपासून दूर, डब्यांच्या फळीच्या टोकाला त्यास जागा दिली. शेजारी जुना ट्रान्झिस्टरही ठेवला. मिक्सर सुरू होताच त्याच्या मोटारीतील ठिणग्यांमुळे मध्यम लहरींवर खरखर उठते, हे खरे. तथापि पिठाळ बोटांना काचेच्या पडद्यापेक्षा त्याची गोल कळच सोयीची.

स्पीकरवर भक्तिगीते सुरू झाली आणि रांधणाऱ्या मावशींचे गुणगुणणे थांबले. भंडाऱ्यापासून १९९९ साली वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा भाताचा. मावशींच्या ओठी सदैव रोवणीची गाणी. आम्ही कारण विचारले. त्या सहज म्हणाल्या, “ते गाऊन रायलं, त मी कायले गाऊ, फादर?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. महाराष्ट्रातील घराने शतकानुशतके ऐकले त्याहून अधिक गायिले आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन जमविलेल्या जात्यावरील ओव्या लाखाहून अधिक आहेत. पिठाची गिरणी आली, स्त्रियांचे कष्ट वाचले, ही मोठीच कृपा. परंतु जात्याबरोबर ओवीही घरातून उठली. याच ओवीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान देण्यास सांगितले. तो मान मंदिरात द्यावयाचा आणि चुलीपाशी नाकारावयाचा, हे कसे चालेल?

संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत मठाची सर्व भांडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, असे कोठाराच्या व्यवस्थापकास बजावले आहे. भांड्यांचा जर एवढा मान, तर ती हाताळणाऱ्या माणसाच्या कंठाचा किती असावा?

आता आमच्याकडे साधी व्यवस्था आहे. काय लावायचे, हे मावशी ठरवितात. आवाज फोडणीच्या तडतडीहून वर जात नाही. आणि तांदूळ धुण्यास घेतले, की यंत्र बंद होते. त्यानंतर कधी पाण्याचाच आवाज येतो, कधी रोवणीचे गाणे. आम्ही शेजारच्या खोलीत प्रवचनाची टिपणे काढीत असतो. अलीकडे मधले दार उघडेच ठेवतो.