झरोका

विदर्भातही थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटवून देणे मोठे कठीण काम आहे. त्यांच्या लेखी आमच्याकडे एकच ऋतू, आणि तो म्हणजे उन्हाळा! माझी धाकटी बहीणही लग्नानंतर दहा वर्षांत माहेरची थंडी साफ विसरली. २०१८ सालच्या नाताळच्या सुटीत दोन मुलांना पातळसे स्वेटर चढवून ती आमच्या घरी उतरली. थंडीने तिला हिसका दाखवला. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला. तिथल्या तोवरच्या नोंदींतला तो नीचांक. वर्ध्याला काय वेगळे असणार?

आमचे सिंदी मेघे हे पत्त्यापुरते गाव. वर्धा शहर नेमके कुठे संपते आणि आमचे गाव कुठे सुरू होते, हे मला अजून उमगलेले नाही. शेतांचे लेआउट झाले, लेआउटांवर स्लॅबची घरे उभी राहिली. त्यांतलेच एक माझे. सरकत्या खिडक्यांचे, घट्ट बसणाऱ्या दारांचे. या घराचा मला अभिमान होता. कर्जाचे हप्ते चालू असले की अभिमान जरा जास्तच असतो.

आई गावाहून आली ती आपली लोखंडी शेगडी घेऊनच. तिचा सारा जन्म कवेलूच्या घरात गेला. त्या घराला वारा यायला दार लागत नसे. कवेलूंच्या फटींतून धूर आपल्या वाटेने निघून जायचा, आणि आम्ही भावंडे शेगडीभोवती निर्धास्त झोपायचो. त्याच भरवशावर त्या रात्री मधल्या खोलीत शेगडी आली. धूर पुरता निमाला, निखारे लालबुंद झाले, तेव्हाच आईने ती आत घेतली. आता कशाची भीती?

पण झरोक्यातून वारा येत होता. भाची कुडकुडत होती. मी स्टुलावर चढलो आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे बोळे करून झरोका बुजवून टाकला. वरच्याच पानावर रसनिष्पत्तीवरचा वीस गुणांचा प्रश्न होता. प्रश्नपत्रिकेचा याहून चांगला उपयोग कोणी केला नसेल, असा विनोदही मी केला. बहीण हसली. मग दार लावले, फटीला सतरंजी लावली, आणि आम्ही सहाजण एका खोलीत झोपलो.

मध्यरात्री कधीतरी भाची उलटी करून पुन्हा झोपली. संध्याकाळी सगळ्यांनी सोलेभात चापून खाल्ला होता, वर गोरसपाक. मुलीला बाधले असेल, असे आम्ही अर्धवट झोपेत ठरवले. माझेही डोके ठणकत होते. पत्नीचेही. सहा माणसांपैकी तिघांची डोकी एकाच वेळी का दुखावीत, हा साधा प्रश्न, दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या या मास्तराला सुचला नाही!

वाचवले ते आईच्या सवयीने. ती चारला उठते म्हणजे उठतेच. उठली, भिंतीला धरून झोकांड्या खात दारापर्यंत गेली, दार उघडले आणि उंबऱ्यातच बसली. बाहेरचा गार वारा अंगावर आला तशी मला जाग आली. सगळे कण्हत उठले, भाची मात्र हाका मारूनही डोळे उघडेना.

दवाखान्यापर्यंतची ती पंधरा मिनिटे मी येथे लिहीत नाही. लिहायला बसलो की हात थांबतो. प्राणवायूचा मुखवटा लावल्यावर बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पाणी मागितले, एवढेच सांगतो.

डॉक्टर समजावून सांगत होते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट बिलगतो, आणि माणूस श्वास घेता घेताच आतून गुदमरतो. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. स्वयंपाकाच्या गॅसला निदान मुद्दाम वास घातलेला असतो. गळला तर नाक सांगते. येथे सांगणारे कोणी नाही. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझरही हेच करू शकतो, असेही ते म्हणाले. मला मात्र एमिल झोला आठवत होता. १९०२ साली पॅरिसच्या घरात चिमणी तुंबली आणि हा एवढा मोठा कादंबरीकार रात्रीतून गुदमरून गेला. हे मी वर्गात कितीदा सांगितले होते. सांगितले होते, बस्स.

घरी परतल्यावर जो तो शेगडीला बोल लावू लागला. बहीण आईला काही बोलली नाही, पण तिचे न बोलणे आईला कळत होते. आईने शेगडी उचलून गच्चीवर पालथी घातली. आणि मी? मी सगळे झोपल्यावर स्टुलावर चढलो, झरोक्यातले बोळे काढले आणि मोरीमागे नेऊन जाळले. कोणाला काही सांगितले नाही. दोन वर्षे नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात आई अंगणात उन्हाला बसून तुरीचे दाणे सोलत होती. मी धीर केला आणि सगळे बोललो. तिने शेंग खाली ठेवली नाही.

“मी पायलं होतं नं रे, तू कागद कोंबत होता तवा,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“शेगडी तं माहीच होती.”

मी गच्चीवर जाऊन शेगडी काढली, गंज खरवडला, अंगणाच्या मधोमध ठेवून पेटवली. आईने तिच्यावर ओल्या तुरीच्या शेंगा भाजल्या. त्या रात्री झोपायला जाण्यापूर्वी तिने निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतले, काडीने राख उकरून पाहिली, आणि पुन्हा अर्धा तांब्या ओतला.

यंदा नाताळात बहीण यायची आहे. भाची आता माझ्या खांद्याला लागते. तिने फोनवर विचारले, “मामा, अंगणातली शेगडी पेटवणार ना?” झरोक्याला मी जाळी बसवून घेतली आहे, डास येऊ नयेत म्हणून. वारा मात्र येतो. चांगलाच येतो.