खातं काकूच्या नावावर

ऐंशी-नव्वदच्या दशकात डोंबिवली-ठाण्याच्या चाळींत नाहीतर पुण्याच्या वाड्यांत जे वाढले, त्यांच्या घरात एखादी तरी काकू, आत्या किंवा मावशी काहीतरी करून द्यायचीच. कुणी गोडा मसाला, कुणी स्वेटर, कुणी ब्लाऊज. आमच्याकडे मोठी काकू चकल्या करायची. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, ही हकिकत तिला तोंडपाठ होती. तिच्या चकल्यांचे पैसे मात्र काकांच्या पासबुकात जायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

तिची ऑर्डरची वही दोनशे पानी, कडेला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, पानापानावर तेलकट बोटं. ‘तिसरा मजला, २ किलो, तिखट कमी.’ फोन शेजारी होता. कार्डावर त्यांचाच नंबर, पुढे ‘पी.पी.’ लिहिलेला. निरोप आला की आम्हा भावंडांपैकी कुणीतरी भाजणीचा डबा घेऊन गिरणीत पळायचं, ‘गव्हावर टाकू नका’ असं दोनदा बजावायला.

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. आमच्याकडे ते काही वर्षांनी दादाच्या कॉम्प्युटरबरोबर आलं. ते नोकरीसाठी, परदेशी शिकायला जाण्यासाठी. काकूचा त्याच्याशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. २०१६मध्ये जानेवारीत स्टार्टअप इंडिया, एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरात जिओ आणि नोव्हेंबरात नोटाबंदी असं सगळं एका वर्षात येऊन गेलं. स्टार्टअप म्हणजे बंगळुरूची पोरं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

मग २०२०. २५ मार्चला गुढीपाडवा, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. कुणाचा पगार अर्धा झाला, आमच्या एका चुलतभावाची नोकरीच गेली. विद्यार्थी गावी परतले आणि पुण्याच्या पेठांतल्या कितीतरी खाणावळी थंडावल्या. काही पुन्हा उघडल्याच नाहीत. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगू नये.

त्या उन्हाळ्यात कोकणातल्या बागायतदारांनी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हापूसच्या पेट्यांची नोंदणी घेतली आणि टेम्पो थेट गेटपाशी आणले. दलाल नाही, दुकान नाही. ते बघून धाकट्या वहिनीने काकूच्या चकल्यांचा फोटो काढायचं ठरवलं. स्टीलचं ताट खिडकीच्या उजेडात ठेवलं. काकूने एक चकली मोडून वर ठेवायला लावली. म्हणाली, “अख्खी कुणीही करतं गं. आतली नळी दिसू दे त्यांना.” संध्याकाळपर्यंत वहिनीचा फोन वाजत राहिला.

पुढे एफएसएसएआयची नोंदणी झाली, छोट्या व्यावसायिकांसाठी तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. नोकरी गेलेला भाऊ स्कूटरवरून डबे पोचवू लागला. क्यूआर कोडसाठी बँक खातं लागणार, तेव्हा वहिनीने हट्ट धरला की ते काकूच्याच नावाचं हवं. पंचाहत्तरी ओलांडलेली काकू मास्क लावून बँकेत गेली आणि सही करून आली. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की चष्मा लावून तो स्वतः वाचायची, मोठ्याने.

इंटरनेटने तिला काही शिकवलं नाही. हात तिचाच, प्रमाण तिचंच. दारापलीकडचं गिऱ्हाईक मात्र त्याने आणलं, आणि घरच्या बाईने उघडपणे पैसे मागायची जी भीड होती, ती त्या अडचणीच्या दिवसांनी मोडली. भांडवल उभं करणाऱ्या कंपन्यांची नावं वर्तमानपत्रांत येतात, यावीतही. पण त्या दोन वर्षांत घराघरांतल्या ओट्यांवर जे उभं राहिलं, त्यालाही उद्योगच म्हणायला हवं.

यंदा फराळ मागवाल तेव्हा भाव पाडून मागू नका. आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव येतं ना, ते जिने केलंय तिचंच आहे का, एवढं जरूर बघा.