फुंकणी

आमच्या लहानपणी चुलीपाशी एक लोखंडी फुंकणी असे. तिला कुठे बारीकशी चीर पडली, की आईने कितीही गाल फुगवले तरी जाळ होत नसे; नुसता धूर, आणि सगळ्यांचे डोळे लाल! मोटारीच्या पोटातही अशी एक फुंकणी असते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले, आणि तेही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर, सुटीत कादंबऱ्या लिहिणारा. सायकलीच्या पंपापलीकडे माझे यंत्रज्ञान कधी गेले नाही.

हा विद्यार्थी म्हसावदहून तोरणमाळला जीप चालवतो. राणीपूर मागे पडले, की सातपुडा समोर उभा ठाकतो आणि सातपायरी घाटाची वळणे सुरू होतात. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांहून उंच. तिथली हवा आमच्या गावच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ. आणि इंजिन डिझेलपेक्षा हवाच अधिक खाते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? एक लिटर डिझेल पुरते जळायला दहा हजार लिटरांच्या आसपास हवा लागते! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने 1905 साली यावर तोड काढली. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. हाच टर्बो. 1918 साली अमेरिकेत विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरावर नेऊन ही युक्ती पारखली गेली. 1962 साली ती तिथल्या मोटारींत आली. आज ती आमच्या घाटातल्या जीपमध्ये लाखावर फेरे घेत गरगरते आहे.

गेल्या महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेची गर्दी होती. जीपमध्ये विद्यार्थ्याची आई पुढे बसलेली, मी मागे. सातपायरीच्या ऐन चढावर कुठूनशी शिट्टी ऐकू येऊ लागली, मागे काळा धूर सुटला, आणि जीप पायी चालणाऱ्याच्याही मागे पडू लागली. म्हातारीला वीस वर्षांचा दमा. ती शांतपणे म्हणाली, "हिला धाप लागली रे." टर्बोपासून निघणारा रबरी पाईप उकलला होता. कोंबलेली हवा तापते, शंभर अंशांपलीकडेही जाते. वर तेलाची वाफ. रबर किती दिवस टिकणार? पोराने सायकलीच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली; पण ओझ्यानिशी गाडी चढेना. सगळे उतरले. म्हातारीही दहा पावले चालली, आणि मग तिच्या छातीतून तीच शिट्टी येऊ लागली. पोराने तिला पाठीवर घेतले. ते एक वळण माझ्या आठवणीतून जात नाही.

पुढे पाईप बदलायचा ठरला तेव्हा मात्र पोराचे डोळे चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर आणि उघड्या फिल्टरवर गेले. दुकानदाराने मोबाईलवर आवाजही ऐकवला होता. जीपचे हप्ते फिटायचे होते, तरी हौस कोणाला सुटली आहे? शहाद्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला समजावले, ते मी शेजारी बसून ऐकले. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा म्हणजे पुन्हा विरळच. शिवाय उसाच्या ट्रॅक्टरांमागची आपली धूळ! ती आत गेली, की टर्बोची पाती झिजलीच. फिल्टरची मूळ पेटी राहू दे. नुसती नळी बदलून ताकद वाढते ती नावापुरती. खरा फायदा गळती थांबण्यात. आत कापडाचे थर असलेला सिलिकॉनचा जाड पाईप घाल, रुंद पट्ट्यांच्या क्लिपा आवळ, आणि इंजिन हलते तेव्हा पाईपला हलायला जागा ठेव. मोटारीच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार 1988 च्या कायद्यालाही मानवत नाही, हेही त्याने हळूच सांगितले. (मला उगीचच माझ्या कादंबऱ्या आठवल्या. प्रकरणांची नावे झकास, सांध्यांतून हवा जाते, असे एका संपादकांनी कळवले होते.)

पोराने तोंड वाकडे केले. म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगा, काळा पाईप कोणाला दिसणार?"

मी काही बोलण्याआधी त्याची आई म्हणाली, "माझी फुप्फुसं तरी कोणाला दिसतात?"

काळाच पाईप बसला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या खेपेला आम्ही दोघेही गेलो. शिट्टी नाही, धूर नाही. दुसऱ्या गिअरमध्ये जीप घाट चढत होती आणि पोरगा उगीचच गंभीर चेहऱ्याने बसला होता. सातपायरीला कोणालाही उतरावे लागले नाही. म्हातारीने मात्र त्या वळणावर गाडी थांबवायला लावली. ती उतरली, कडेच्या दगडावर बसली, पदराने तोंड पुसले आणि खालच्या दरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःच चढून पुढच्या जागेवर बसली.

"चल आता," ती म्हणाली, "मागच्यांना उशीर होतोय."